डाग पाडायची नोकरी

आयर्लंडमधली मराठी माणसं एकमेकांना भेटली की नावाच्या आधी कंपनी विचारतात. कुणी सॉफ्टवेअरमध्ये असतं, कुणी औषधांच्या कारखान्यात, कुणी चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत. माझे यजमान सुधीर वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहेत. त्यांचं उत्तर ऐकून समोरचा माणूस समाधानाने मान हलवतो आणि माझ्याकडे वळतो, "आणि वहिनी, तुम्ही?"

"मी कपडे मळवते."

बहुतेकांना वाटतं, ऐकण्यात काही चूक झाली. कपडे धुते म्हणाली असेल बिचारी. मग ते घाईघाईने मुलांच्या शाळेचा विषय काढतात. गणपतीच्या मांडवात उभं राहून सगळं समजावत बसणं शक्य नसतं, म्हणून आज इथे निवांतपणे सांगते.

माझं शिक्षण कापडाच्या रसायनशास्त्रातलं. पहिली नोकरी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये. तिथे एकच ध्यास होता, रंग पक्का राहिला पाहिजे. धुऊन, घासून, उन्हात वाळवून, घामात भिजवूनही जाता कामा नये. इथे सिनेमा-मालिकांच्या कपड्यांच्या खात्यात लागले तेव्हा सुरुवातीला उलट्या शिवलेल्या कडा, म्हणजे हेम, सोडवत बसायचे. एकदा एका भिकाऱ्याचा कोट फार नवा दिसतोय म्हणून सगळे हवालदिल झाले होते. मी तो चहाच्या पाण्यात उकळला, खिशात दगड भरून ओला टांगला आणि कोपरं किसणीने घासली. दुसऱ्या दिवशी तो कोट पाहून आमची मुख्य ब्रीडा म्हणाली, "शीला, आता तुला हेम सोडवायला कोण देतंय?" तेव्हापासून मी या कामाला चिकटले. या धंद्यात त्याला 'ब्रेकडाउन' म्हणतात. नवं कापड माझ्या टेबलावर येतं आणि जन्मभर वापरल्यासारखं होऊन बाहेर पडतं.

माझं नाव शीला असल्याचा इथे फार फायदा झाला. शीला हे नाव आयरिश लोकांना स्वतःचंच वाटतं. फोनवर बोलणं झालेली माणसं प्रत्यक्षात मला बघून दारात थबकतात, आणि मग आपण थबकलो याची लाज वाटून जरा जास्तच प्रेमाने वागतात.

काम शिकायला अवघड नाही, पण बघायची सवय लागते. कपडा सगळीकडे सारखा जुना होत नाही. हमालाचा सदरा एकाच खांद्यावर विरतो. कारकुनाची बाही मनगटापाशी चकाकते. स्वयंपाकिणीच्या ॲप्रनवर हात पुसायची एक ठरलेली जागा असते. मळ दाखवायला आम्ही मुलतानी माती वापरतो, तीच, आपण तोंडाला लावतो ती. कॉलरच्या तेलकटपणाला व्हॅसलिन. माझ्या हत्यारांत तारेचे ब्रश आहेत, पॉलिश पेपर आहे, आणि स्वयंपाकघरातून गेलेली ती किसणी अजून आहे. सगळं जमून आलं की प्रेक्षकाला काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, माणसाने कपडे घातलेत. आमच्या कामाची शाबासकी हीच आणि खंतही हीच.

मी सांगणार आहे ते खुनांवरच्या एका टीव्ही मालिकेबद्दल. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं डब्लिन, गॅसचे दिवे, कोळशाचा धूर, घोडागाड्या, आणि श्रीमंतांच्या घरी कामाला असलेल्या मुलींचे एकामागून एक होणारे खून. खुनी म्हणजे शहरातला एक प्रतिष्ठित औषधविक्रेता. हे सांगितल्याने रहस्य फुटत नाही, दुसऱ्याच भागात ते प्रेक्षकांना कळतं. पोलिसांना कधी कळतं, एवढाच काय तो प्रश्न.

अशा कथेची संहिता मी वाचते ती कसाई बकरा बघतो तशी. वार कुठे झाला, मुलगी उभी होती की आडवी, ती तशी किती वेळ पडून होती. उभ्या माणसाचं रक्त खाली स्कर्टच्या घेराकडे जातं, आडव्याचं पाठीखाली साचतं. ताजं रक्त लाल असतं, सकाळपर्यंत तपकिरी होतं, आणि कालव्याच्या पाण्यात पडलेल्या कपड्यावर फिकट चहासारखी कड तेवढी उरते. म्हणून एकाच पोशाखाच्या बऱ्याच जोड्या शिवतात. वाराआधीची, वाराच्या वेळची, सापडल्यानंतरची. त्या एकमेकींशी जुळवून मळवायच्या. वाराआधीच्या जोडीवर डावीकडे ठिगळ असेल तर मेल्यानंतरच्या जोडीवरही ते तिथेच हवं.

खुन्याचं काम करणारा नट पोर्टलीश गावचा होता. अत्यंत सज्जन गृहस्थ, घरी कोंबड्या पाळायचा आणि आमच्यासाठी अंडी आणायचा. एकदा अंड्यांचा खोका टेबलावर ठेवून त्याने मला विचारलं, "शीला, मी सुरी कुठे पुसेन गं?" मी म्हटलं, "तू पुसणार नाहीस. तू औषधवाला आहेस, घरी नेऊन नीट धुशील." तो विचारात पडला आणि म्हणाला, "देवा, मी भयंकरच माणूस आहे." मग अंडी आठवणीने फ्रिजमध्ये ठेवायला सांगून गेला.

चित्रीकरण सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मार्च उजाडला. २०२० चा. सगळं बंद पडलं.

मालिका रद्द झाली नव्हती, नुसती थांबली होती. कपडे तयार ठेवा, केव्हाही सुरू होईल, असं सांगितलं होतं. आमची कार्यशाळा डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती, तिला कुलूप लागलं. मेलेल्या मुलींचे कपडे मी घरी आणले आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये दुकान थाटलं. घरात तेव्हा सुधीर, आमची मुलगी मीरा आणि सहा महिन्यांसाठी म्हणून आलेल्या सासूबाई होत्या. विमानं बंद झाल्यामुळे त्या अडकून पडल्या होत्या. सासूबाईंचं सगळं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. मी पांढऱ्या मांजरपाटाच्या पेटिकोटवर ब्रशने तपकिरी रंग शिंपडत होते, तेव्हा त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं हे? चांगल्या कापडाचं वाटोळं कराल्यास?"

"आई, हे रक्त आहे. मालिकेतल्या मुलीचं."

"मेली व्हय?"

"मारलं तिला."

त्यांनी पेटिकोट उलटसुलट करून पाहिला. "शिवण बरी घातल्या," म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बसल्या. "दे इकडं. नुसतं बसून बसून मला कट्टाळा आलाय. काय करू सांग."

मग सासूबाई कपडे विटवायला लागल्या. शिवायच्या कामात हात बसलेला, त्यामुळे उसवायचं कुठे हे त्यांना सांगावं लागायचं नाही. मीरा शाळेचं ऑनलाइन आटोपून खिडकीतून डोकवायची आणि आपल्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत विचारायची, आज आजीने कुणाला मारलं. आजी मराठीत म्हणायची, "एकीला भोसकलं, एकीला पाण्यात ढकललं. जेवलीस का?"

त्या दिवसांतला एक किस्सा सुधीरना अजून आवडत नाही. रंगवलेले कपडे वाळायला लागतात, आणि इथे ऊन पडलं की सोडायचं नसतं. मी अंगणातल्या दोरीवर रक्ताळलेले सदरे आणि पेटिकोट टांगत होते. शेजारच्या मॉरीनच्या वरच्या खिडकीतून आमचं अंगण दिसतं. मॉरीन वयस्कर, एकटी राहणारी बाई. एका सकाळी दाराला पत्रांसाठी असलेल्या फटीतून एक छोटं कार्ड आत पडलेलं मिळालं. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी मदतीचा फोन नंबर होता. मागे तिच्या कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी दिवसभर घरीच असते. नुसती भिंतीवर टकटक कर.'

मी तशीच बाहेर गेले आणि कुंपणावरून तिला हाक मारली. सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिची नजर माझ्या चेहऱ्यावर, मानेवर, दंडांवर फिरत होती. शेवटी मी एक सदरा आणून, रंगाची बाटली आणून तिच्यादेखत कापडाच्या तुकड्यावर डाग पाडून दाखवला तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला. "ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे. "पण कार्ड राहू दे हं." पुढे बरेच दिवस ती सुधीरना दिसली की जेमतेम हसायची. ते म्हणायचे, "मी काय केलंय?" मी म्हणायचे, "काही नाही, म्हणून तर हसते." कार्ड मात्र मी फेकलं नाही. लोक मरणाला घाबरून दारं बंद करून बसले होते, तेव्हा ही सत्तरी उलटलेली बाई आमच्या दारापर्यंत आली होती, हे मला विसरता येत नाही.

आता ब्रीडाबद्दल सांगते.

ब्रीडा आमच्या खात्याची मुख्य. नावन गावची, साठीच्या आसपासची, सडपातळ, गळ्यात कायम एक फीत आणि त्या फितीला टाचण्या-पिनांचा गुच्छ. नटांना कपडे चढवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पडद्यावर राजे, पाद्री, वेश्या, पोलीस, सगळ्यांची शेवटची गुंडी तिने लावलेली. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ती पुढे होऊन कॉलर नीट करायची आणि खांद्यावर दोन बोटं टेकवायची. नट सांगायचे, ती बोटं टेकली की आता सुरू करता येईल असं वाटतं.

लॉकडाउन लागल्यावर तिने आम्हा सगळ्यांना फोन करून कामाला लावलं. इस्पितळांना गाऊन कमी पडत होते. ज्याच्या घरी शिलाई मशीन आहे त्याने शिवायचे. कापड दारात यायचं, शिवलेले गाऊन दारातून जायचे. त्याच दिवसांत नावनजवळच्या एका वृद्धाश्रमात असलेली तिची आई आजारी पडली. ब्रीडा रोज तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर फुलांच्या वाफ्यात उभी राहून काचेतून बोलायची. आईला कमी ऐकू यायचं. काच बंद. एप्रिलमध्ये आई गेली.

इथलं मरण कसं असतं ते थोडं सांगायला हवं. आयरिश माणूस गेला की त्याला घरी आणतात, पुढच्या खोलीत ठेवतात आणि घराचं दार उघडं टाकतात. याला 'वेक' म्हणतात. शेजारपाजार, गाव, ऑफिस, सगळे येतात. चहाच्या किटल्या आणि सँडविचची ताटं फिरत राहतात. लोक गेलेल्या माणसाच्या हाताला हात लावतात, त्याच्याशी दोन शब्द बोलतात, मग स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या गोष्टी सांगत हसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चमत्कारिक वाटलं होतं. नंतर समजलं, की माणूस गेला हे त्यांना बघून, शिवून, बोलून पटवून घ्यायचं असतं. पूर्वी गावातल्या जाणत्या बायका येऊन मृताला न्हाऊमाखू घालायच्या, कपडे घालायच्या. ब्रीडाची आजी त्यांतली एक होती.

ब्रीडाच्या आईला घरी आणता आलं नाही. शवपेटी बंद. दफनाला घरची मोजकी माणसं. आम्हाला घरापासून दूर जायला बंदी होती, म्हणून मी चर्चमधल्या वेबकॅमवरून प्रार्थना पाहिली. तो कॅमेरा छताजवळ कुठेतरी लावलेला. त्यात ब्रीडाचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि रिकाम्या बाकांच्या रांगा. सासूबाई माझ्या शेजारी बसून बघत होत्या. "एवढीच माणसं?" त्यांनी विचारलं. मग पदर डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिल्या.

ब्रीडा याबद्दल माझ्याशी एकदाच बोलली. गाऊनचं कापड द्यायला आली होती, फाटकाबाहेर उभी होती. "आईचा निळा झगा मी इस्त्री करून दिला होता," ती म्हणाली. "तो अंत्यविधीवाला फार भला माणूस. म्हणाला, तिला ठेवलंय ती पिशवी उघडायची परवानगी नाही, झगा घडी करून वरती ठेवतो. चालेल का?" तिने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "मी म्हटलं चालेल. काय म्हणणार?" मग तिने कापडाचे गठ्ठे मोजले आणि गेली.

त्यानंतर तिचा आवाज पहिल्यासारखाच राहिला, काम पहिल्यासारखंच चोख राहिलं. फक्त पुढे काम सुरू झाल्यावर ती दोन बोटं कुणाच्या खांद्यावर टेकली नाहीत. ते तसंही नियमांमुळे बंदच होतं.

पानगळीत चित्रीकरण पुन्हा सुरू झालं. नाकात काड्या, तोंडाला मास्क, सेटवर वेगवेगळ्या रंगांचे गट, एका गटाने दुसऱ्याला शिवायचं नाही. नट आपले कपडे पिशवीतून काढून स्वतः चढवायचे आणि ब्रीडा लांबून हाताने खुणा करायची, डावीकडे ओढ, वरचं बटण लाव. गर्दीचे प्रसंग संहितेतून कापले गेले. पण एक प्रसंग कापता येत नव्हता, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी होती. नोरा नावाच्या मोलकरणीचा वेक. गरीब वस्तीतली एक खोली, मेणबत्त्या, नोराला न्हाऊ घालणाऱ्या बायका. त्यातल्या एकीला नोराच्या मुठीत खुन्याच्या कोटाचं बटण सापडतं.

नोराचं काम ईफा नावाची नवी मुलगी करत होती. संहितेत नोराला मरायच्या आधी बोलायला फार थोडं होतं. पण तिचा ॲप्रन मी केला होता. कोळशाची बादली घासून कमरेपाशी विरलेली जागा, इस्त्रीने जळलेला काठ, हातशिलाईचं ठिगळ. त्यामुळे मला ती इतरांपेक्षा जरा जास्त ओळखीची झाली होती.

दिग्दर्शक कॉनर तरुण होता, हुशार, आणि त्याला रक्त आवडायचं. नवीन वर्षाच्या सुरुवातीला तो माझ्या टेबलाशी आला. नोराच्या अंगावर घालायचं पांढरं कफन तिथे पसरलेलं होतं.

"यातून रक्त फुटून आलेलं दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "हळूहळू पसरणारं. म्हणजे घरात आणूनही तिला शांतता नाही."

"नाही," मागून ब्रीडा म्हणाली.

कॉनरने वळून पाहिलं. ब्रीडा कुणाला नाही म्हणत नसे. म्हणजे म्हणायची, पण इतक्या तोकड्या, एका शब्दात नाही.

"बायकांनी तिला धुतलंय," ती म्हणाली. "धुतल्यावर पट्टी बांधतात. मग कोरं कापड. डाग असलेल्या कापडात कुणाला ठेवत नाहीत."

"मालिका आहे ब्रीडा. प्रेक्षकांना भीती वाटायला हवी."

"मग दुसरी कुणी मिळव कपडे घालायला," ब्रीडा म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

कॉनर माझ्याकडे वळला. त्याला तिच्या आईचं माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण मालिकाही त्याचीच होती, आणि थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा जाब त्याला द्यायचा होता. "उद्यापर्यंत एक नमुना करून ठेव," तो मला हळूच म्हणाला.

मी पेचात पडले. डाग पाडायचा पगार घेते मी, दिग्दर्शकाने मागितला तर पाडायचा. पण माझी मुख्य नाही म्हणून गेली होती, आणि ती खरंच काम सोडेल याची मला खात्री होती. असं मध्येच सोडून गेलेल्या माणसाला या धंद्यात कुणी सहजासहजी पुन्हा बोलवत नाही.

घरी आले. भाकरी थापताना सासूबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय. मी सांगितलं.

"आंगोळ घातल्यावर डाग कुठला ऱ्हातोय?" त्या म्हणाल्या. "आणि ऱ्हायला तर बायका दुसरं कापड घालतील. तसंच ठिवतील व्हय? शेवटची आंगोळ हाय ती. माझ्या सासूला मीच घातलो न्हवं? नखातली माती सुदिक काडलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी नमुना केला नाही. कॉनर आला तेव्हा म्हटलं, "मी डाग पाडू शकते. ब्रीडा जायची असेल तर तिच्यानंतर पाडेन. पण आधी एक ऐक. नखातली माती काढणारी बाई रक्ताचा डाग राहू देणार नाही. आणि ती नखं साफ करायला मूठ उघडेल, तेव्हाच तर तिला ते बटण सापडेल ना?"

त्याने संहितेचं ते पान काढलं. संहितेत ते बटण मुठीतून आपोआप जमिनीवर पडायचं आणि घरंगळत जायचं.

"हे नखाचं कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या सासूबाईंनी."

"गुरुवारी मोकळ्या आहेत का त्या?" तो म्हणाला. मग हसला आणि म्हणाला, "ठीक आहे. कोरं राहू दे. ब्रीडाला मी जाऊन सांगतो."

त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. ब्रीडा दुपारी परत आली, कफन हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि स्वतः इस्त्री करायला लागली.

चित्रीकरण डब्लिनबाहेरच्या एका जुन्या दगडी गोदामात होतं. आत गारठा, आणि खिडकीतून पडणारा थोडका उजेड कॅमेरावाल्यांना हवा होता. न्हाऊ घालणाऱ्या बायकांच्या कामाला दोन नट्या होत्या. मी त्यांचे कपडे धुराने काळवंडवले होते. चित्रीकरणाच्या वेळेपुरती त्यांना ईफाला शिवायची परवानगी होती. तालीम सुरू झाली. त्या चांगल्या नट्या होत्या, पण वर्षभर कुणाला हात न लावायची सवय झालेली. ओला कपडा ईफाच्या हातावरून त्या इतक्या बिचकत फिरवत होत्या, की कॉनरने पुन्हा करायला सांगितलं, आणि पुन्हा.

"पियानो पुसताय का?" मागून ब्रीडाचा आवाज आला.

सगळे थांबले. ब्रीडाच चपापली. "सॉरी," ती म्हणाली.

कॉनर म्हणाला, "तूच करशील का, ब्रीडा?"

आयुष्यभर ती कॅमेऱ्याच्या मागे राहिली होती. तिला पासपोर्टचा फोटो काढणंही नको असायचं. मला वाटलं, ती हसून उडवून लावेल. तिने गळ्यातली पिनांची फीत काढली आणि माझ्या हातात दिली. "मला काय घालायचंय?" तिने विचारलं.

त्या सकाळचा तिचा चाचणीचा निकाल ठीक होता. मी तिच्यासाठी एक जास्तीचा पोशाख काढला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, मागची नाडी बांधली. आजवर तिने माझ्यासमोर शेकडो माणसांना कपडे घातले असतील. तिला घालणारी मी पहिलीच असेन.

कॅमेरा सुरू झाला. ब्रीडाने घंगाळातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि तशीच थांबली. "हे गार आहे," ती म्हणाली. "गरम आणा." संहितेत हे नव्हतं. कॉनरने मान हलवली, कुणीतरी धावत जाऊन गरम पाणी आणलं.

मग तिने सुरुवात केली. कपाळ. कानामागे. मानेखाली हात घालून डोकं उचललं आणि केस विंचरले. घाई नव्हती. एक हात धुऊन, पुसून, पोटावर ठेवला. दुसरा हात घेतला, बोटं एकेक करून उघडली, नखं साफ केली. बटण मिळालं ते तिने शेजारच्या नटीकडे न बघता दिलं, जणू ते तिच्या कामाचं नव्हतं. कोरं कफन घातलं, गळ्यापाशी बंद बांधला, सुरकुती सरळ केली, आणि खांद्यावर दोन बोटं टेकवली.

"कट," कॉनर म्हणाला, पण लगेच नाही.

ईफाच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं होतं. मेलेली मुलगी रडली म्हणून शॉट वाया गेला. ईफा उठून बसली, माफी मागायला लागली. तिची आजीही त्या वर्षी गेली होती, हे तेव्हा कळलं. ब्रीडाने रुमालाने तिचा डोळा टिपला. "काही नाही राणी. पुन्हा करू."

पुन्हा केलं. मी ओलं कफन घेऊन सुकं आणून दिलं. नवं गरम पाणी. कपाळ, कान, केस, हात. या वेळी प्रकाशवाल्यांचं काहीतरी चुकलं. पुन्हा. आमच्या धंद्यात हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, तेच तेच करत बसायचं. त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही. ध्वनिमुद्रण करणारा थोराड माणूस डोक्यावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पुढच्या वेळी सगळं जुळून आलं. कॉनरने पडद्यावर दोनदा तपासून पाहिलं. "मिळालं," तो म्हणाला. "सुंदर. धन्यवाद, मंडळी."

तो प्रसंग टीव्हीवर लागला तेव्हा फारच आखूड झाला होता. हात, बटण, संपलं. ब्रीडाचा चेहरा तर दिसतच नाही. सासूबाई तोपर्यंत परत गेल्या होत्या. मी त्यांना मोबाइलवर तो तुकडा पाठवला, तर त्यांचा फोन आला, "न्हाऊ घातलेलं कुठं दाखवलंय?"

पण ते नंतरचं. गोदामात माणसं वायरी गुंडाळायला लागली होती. खिडकीतला उजेड पार उतरला होता. ईफा पाय खाली सोडून उठायच्या बेतात होती. ब्रीडा जागची हलली नव्हती. ओला कपडा तिच्या हातातच होता.

"अजून एक घेऊ," ती म्हणाली. "सेफ्टीसाठी."

मिळालेल्या शॉटला काही झालंच तर हाताशी असावा म्हणून आणखी एक, हे वाक्य दिग्दर्शकाचं असतं. कपड्यांच्या खात्यातलं कुणी ते म्हणत नाही. कॅमेरावाल्याने कॉनरकडे पाहिलं. कॉनरने खिडकीकडे पाहिलं, मग ब्रीडाकडे.

"घेऊ," तो म्हणाला.

वायरी पुन्हा उलगडल्या. ईफा आडवी झाली, तिने डोळे मिटले. मी किटली घेऊन गरम पाणी आणायला गेले.